पुराची रंगीत तालीम

"गेज की रीडिंग बताइए, मैडम," जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधले तिवारीजी फोनवर म्हणाले.

मी सांगितलं की पाणी मोजायची गेजपट्टी इथे नाही, पण माझ्यासमोर शकुनबाई उभ्या आहेत. त्या पाच फूट उंच आहेत आणि घरातून निघाल्या तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. आता मीटरमध्ये किती ते तुम्हीच काढा. तिवारीजींना शकुनबाईंची उंची चालेना. पुराची नोंद घ्यायची तर मोजणारा माणूस अधिकृत लागतो, असं त्यांनी मला अगदी शांतपणे समजावलं.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. शकुनबाई आमच्या ऑफिसात झाडलोट करायच्या आणि चहा करायच्या. इतक्या वर्षांत कधी उशिरा आल्या नव्हत्या. त्या दिवशीही वेळेवर आल्या, फक्त छातीपर्यंत भिजलेल्या. त्यांचं घर आमच्या टाउनशिपच्या पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे, मुंशी के टपरे नावाच्या वस्तीत. घरात नवरा, हरिराम. तो रंगारी. महिन्यापूर्वी शिडीवरून पडून त्याची मांडी मोडली होती आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं. त्याला खाटेवर आणि खाट टेबलावर चढवून त्या मदत मागायला आल्या होत्या.

"मैडम, अब टेबल के नीचे रखने को कुछ नहीं है," एवढंच त्या म्हणाल्या. रडल्या वगैरे नाहीत.

मी तेव्हा भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सेफ्टी इंजिनिअर होते. टाउनशिप म्हणजे कारखान्याने आपल्या लोकांसाठी वसवलेलं गाव. क्वार्टर्स, शाळा, हॉस्पिटल, क्लब, सगळं कारखान्याचं. नळ गळला तरी आम्ही आणि कुत्रा चावला तरी आम्हीच. त्यामुळे भिंतीच्या आत सरकारचं काय चुकतं हे कळायला फारसा वाव नव्हता. भिंतीच्या बाहेर मात्र भरपूर होता.

तिवारीजींचं पुढचं म्हणणं असं, की टाउनशिप केंद्र सरकारच्या कारखान्याची, म्हणून ती जिल्ह्याच्या यादीत नाही. वस्ती टाउनशिपच्या बाहेर, म्हणून ती निगमची, म्हणजे महापालिकेची. मी निगमला फोन लावला. ते म्हणाले, वस्ती आमची असेल, पण पाणी नाल्याचं आहे आणि नाला सिंचाईवाल्यांचा, म्हणजे पाटबंधारे खात्याचा. सिंचाईच्या ऑफिसात चौकीदाराने फोन उचलला. साहेब कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, पुराच्या मीटिंगला गेलेत. मी पुन्हा तिवारीजींकडे वळले. तलावावर होमगार्डच्या नावा तयार आहेत हे त्यांनी कबूल केलं. पण नाव सोडायला तहसीलदारांचं मागणीपत्र हवं, आणि तहसीलदार त्याच मीटिंगमध्ये होते.

आमचा कारखाना काय बनवायचा हे सांगितलं की लोक अजूनही हसतात. आम्ही पंप बनवायचो. खाणीतलं पाणी उपसणारे, माणसापेक्षा उंच पंप. स्टोअरच्या अंगणात त्या दिवशी नवेकोरे पंप ओळीने उभे होते, पावसात चकाकत. मी स्टोअर ऑफिसरला म्हटलं, एक द्या, संध्याकाळी पुसून परत करते. तो म्हणाला, मॅडम, हा तयार माल आहे, गिऱ्हाइकाचं नाव सांगा. मी शकुनबाईंचं नाव सांगितलं. त्याने फोन ठेवला.

आता भिंतीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण खरा गुन्हेगार तीच होती. मुंशी के टपरेची जमीन आमच्या बाजूला उतरती आहे. पावसाचं पाणी पूर्वी वस्तीतून आमच्या हद्दीत यायचं आणि आमच्या पक्क्या गटारातून खाली नाल्याला जायचं. भिंत बांधली तेव्हा ज्या कुणी ड्रॉइंग केलं त्याला हे ठाऊक होतं. त्याने भिंतीच्या तळाशी सहा मोऱ्या ठेवल्या होत्या. मग त्या मोऱ्यांतून बकऱ्या आत येऊ लागल्या आणि एकदा त्यांनी जीएम साहेबांच्या बंगल्यातली गुलाबाची झाडं खाल्ली. सिक्युरिटीने आठ दिवसांत सहाही मोऱ्या विटांनी बुजवल्या. बकऱ्यांविरुद्ध आमची यंत्रणा इतकी चपळ होती.

त्या मोऱ्या पुन्हा उघडाव्यात म्हणून मी तीन वर्षं नोटशीट फिरवत होते. नोटशीट म्हणजे फाइलीतला तो हिरवा कागद, ज्यावर प्रत्येक जण आपलं मत लिहितो आणि कुणीही काही करत नाही. सिक्युरिटीने लिहिलं, विषय सिव्हिलचा. सिव्हिलने लिहिलं, विषय इस्टेटचा. इस्टेटने लिहिलं, पाणी निगमचं असल्याने निगमचं ना हरकत पत्र घ्यावं. निगमने लिहिलं, भिंत तुमची, हरकत आम्ही कशाला घेऊ, आणि तेच पत्र ना हरकत म्हणून धरता येईल का, यावर चौथं वर्ष लागायच्या बेतात होतं.

पावणेनऊला माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजला. आमचे साहेब, डीजीएम टाउनशिप, सक्सेना. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही गोष्टीची सुरुवात कशी टाळता येईल हे त्यांना लगेच सुचायचं.

"बापट, आज की ड्रिल पोस्टपोन कर दो। बारिश बहुत है।"

हे ड्रिल म्हणजे मॉक ड्रिल, संकटाची रंगीत तालीम. भोपाळमध्ये कारखाना चालवायचा तर ती चुकत नाही, आणि का ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या वर्षी वरून पत्र आलं होतं, की पावसाळ्यापूर्वी पुराचंही एक ड्रिल घ्यावं. एप्रिलची तारीख ठरली, तर जीएम साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. मे महिन्यात हॉस्पिटलने हरकत घेतली, की जखमींचं काम करणाऱ्यांना ऊन लागेल. जूनमध्ये ऑडिट आलं. असं करत करत पावसाळ्यापूर्वीचं ड्रिल भर श्रावणात (तिकडचा श्रावण आपल्याआधी पंधरवडा सुरू होतो) येऊन पडलं, आणि नेमकं त्या दिवशी सकाळी अकराला होतं. आता ते पावसामुळे पुढे ढकलायचं होतं.

मी "यस सर" म्हटलं. टाइपरायटरवर चार ओळींचं पत्र केलं. अतिवृष्टीमुळे पुराचे ड्रिल स्थगित करण्यात येत आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग ड्रिलची फाइल बरोबर घेऊन डिस्पॅचला गेले.

डिस्पॅचला दातार होते. उज्जैनचे, इंद्रपुरीहून सायकलवर यायचे, आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या रजिस्टरात चढल्याशिवाय हलत नसे. त्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं.

"बाई, ह्याच्यावर अर्जंटचा ठप्पा नाही लागला."

"मग?"

"मग हे आज चढेल, उद्याच्या डाकेत निघेल, आणि कलेक्टर ऑफिसला परवा पोचेल. अर्जंट लावायचा का?"

मी फाइल उघडली. त्या फाइलीसारखी सुंदर फाइल मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. दोन नावा. बारा होमगार्ड. एक फायर टेंडर, एक ॲम्ब्युलन्स. बाधितांसाठी कम्युनिटी हॉलमध्ये पुनर्वसन कक्ष, सतरंज्यांसह. फोटोग्राफर एक. समोसे साठ. प्रत्येक ओळीपुढे कलेक्टर ऑफिसची मंजुरी, गोल शिक्क्यासकट. आणि स्थळ, पूर्वेची भिंत, कारण तिथलं मैदान गाड्या लावायला सोयीचं होतं. पूर कुठवर आला हे पाहुण्यांना कळावं म्हणून आदल्या दिवशी मी त्या मैदानात चुन्याची रेघही मारून घेतली होती. ज्या पाण्याची आम्ही चुन्याने तालीम करणार होतो ते भिंतीच्या पलीकडे, तिथून दहा पावलांवर, हरिरामच्या टेबलाला लागलं होतं.

"दातार, हे पत्र पोचेपर्यंत ड्रिल आहे की नाही?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दरवाजात उभ्या शकुनबाईंकडेही पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "नवा कागद पोचेस्तोवर जुना कागद खरा."

मी ठप्पा लावला नाही. नियम मोडला नाही हो, उलट इतका काटेकोर मी तो आधी कधीच पाळला नव्हता.

टेबलावर येऊन मी तिसऱ्यांदा तिवारीजींना फोन लावला. ह्या वेळी आवाज चढवला.

"तिवारीजी, टाउनशिप से बापट। ग्यारह बजे ड्रिल है, अभी तक नाव नहीं निकली। ऑब्जर्वर साहब आ रहे हैं। चेकलिस्ट में कंट्रोल रूम के आगे क्या लिखवाऊँ?"

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "वो ड्रिल तो इस बारिश में..."

"पोस्टपोन का लेटर मिला आपको?"

"नहीं, लेटर तो नहीं मिला।"

"तो फिर?"

तिवारीजी बिचारे गडबडले. खऱ्या पुरात नाव नाही पोचली तर चौकशी होते आणि ती वर्षानुवर्षं चालते. ड्रिलमध्ये नाव नाही पोचली तर त्याच दिवशी रिपोर्ट जातो. त्यांनी मला मॅडम, पाच मिनिटं द्या म्हटलं आणि मी फोनवर असतानाच वायरलेसवर ओरडायला सुरुवात केली. तहसीलदारांच्या मागणीपत्राचं नाव कुणी काढलं नाही. ते चार महिन्यांपूर्वीच फाइलीत लागलं होतं.

नावा दहा पंचावन्नला आल्या. ट्रकवर, मागे बारा होमगार्ड, शिट्ट्या आणि लाइफ जॅकेटसकट. ॲम्ब्युलन्स त्याआधीच आली होती. आमच्या फायर सेक्शनचे वीस जण ठरल्याप्रमाणे हजर होते, कारण त्यांनाही कुणी पोस्टपोन कळवलं नव्हतं. त्यांना जखमी आणि मृतांचं काम करायचं होतं. गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवून ते चुन्याच्या रेघेपाशी उभे होते. पावसाने रेघ केव्हाच धुऊन गेली होती.

मी त्यांना सांगितलं, आज झोपायचं नाही, चढायचं आहे. फायर टेंडरची शिडी भिंतीला लावा. नावा दोरांनी पलीकडे सोडा. त्यांनी शिडी लावली. भिंतीवरून पलीकडे पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरांची पत्र्याची छपरं आणि त्यांवर बसलेली माणसं दिसत होती, पाणी दारांच्या निम्म्याच्या वर चढलं होतं.

ऑब्झर्व्हर म्हणून कलेक्टर ऑफिसचे श्रीवास्तव आले. ऑब्झर्व्हर म्हणजे ड्रिल नीट झालं की नाही हे टिकमार्क करून लिहून नेणारा अधिकारी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चेकलिस्ट. ते शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि त्यांनी पलीकडे पाहिलं.

"मैडम, ये ड्रिल ही है ना?"

"सर, फाइल में तो ड्रिल ही है।"

पलीकडच्या नावेतून एका बाईने पोर वर धरलं. श्रीवास्तव साहेबांनी छत्री मिटली, मला दिली, आणि पोर घेतलं. ते खाली माझ्या हातात देऊन त्यांनी खिशातून पेन काढलं.

"नाव कितने बजे पहुँची?"

"दस पचपन।"

"समय से पाँच मिनट पहले," म्हणत त्यांनी टीक केली. त्यानंतर दीड तास ते शिडीवर होते. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण माझ्या एका हातात पोर होतं आणि दुसऱ्या हातात छत्री.

त्या दीड तासात मी जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. गळ्यात 'मृत' अशी पाटी असलेले आमचे धडधाकट फायरमन म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन शिडी उतरत होते. 'गंभीर जखमी' पाटीवाला एकाच वेळी दोन बकऱ्या काखेत मारून आला. त्याच बकऱ्यांच्या नातलगांमुळे हे सगळं झालं होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

हरिरामला आणायला नाव दोनदा गेली. पहिल्या खेपेला तो प्लास्टरसकट दारातून बाहेर निघेना. दुसऱ्या खेपेला छपराचा पत्रा काढला आणि त्याला स्ट्रेचरला बांधून वरून काढला. शकुनबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. दीड तासात त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. स्ट्रेचर भिंतीवर आलं तेव्हा पाय कुठेतरी आपटला आणि हरिरामने भोपाळी पद्धतीने सगळ्या कारखान्याचा उद्धार केला. त्या शिव्या ऐकल्या आणि शकुनबाई चिखलातच मटकन खाली बसल्या.

श्रीवास्तव साहेबांनी लिहून घेतलं. मी डोकावून पाहिलं. 'रोगी का अभिनय अत्यंत स्वाभाविक।'

माणूस एकही गेला नाही. सांगायचं ते एवढंच आहे, बाकीची सगळी गंमत.

बाराच्या सुमारास सक्सेना साहेबांची जीप आली. त्यांनी नावा पाहिल्या, शिडी पाहिली, भिंतीवरून उतरणारी रांग पाहिली.

"बापट, मैंने पोस्टपोन बोला था।"

"सर, लेटर प्रॉपर चैनल में है।"

प्रॉपर चॅनेल म्हणजे कागदाने प्रत्येक टेबलावर थांबत थांबत जायचा रस्ता. तो रस्ता त्यांनीच आम्हाला वर्षानुवर्षं शिकवला होता. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. तेवढ्यात ठरलेला फोटोग्राफर आला. साहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी जीपमधलं पिवळं हेल्मेट काढून डोक्यावर ठेवलं आणि शिडीला हात लावून उभे राहिले. त्या फोटोनंतर ड्रिल त्यांचंच झालं. मला तेच हवं होतं. साठ समोसे बिट्टन मार्केटहून आले आणि साठ घरांत एकेक वाटले गेले.

आता इथे गोष्ट संपली असती तर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण माझी शक्कल तिसऱ्या दिवशी माझ्यावरच उलटली. पाणी उतरलं होतं, घरांत चिखल होता, धान्य सडलं होतं. वस्तीतले चार जण तहसीलला गेले, की राशन आणि ताडपत्र्या द्या. तिथे त्या दिवशीचं रजिस्टर काढलं गेलं. त्यात पूर नव्हताच. ड्रिल होतं, यशस्वी. ड्रिलमध्ये भिजल्याबद्दल राशन मिळत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. मी स्वतः गेले, वाद घातला, नावेच्या खेपा मोजून दाखवल्या. स्थगितीचं पत्र त्याच दिवशी पोचलं, पण झालेलं ड्रिल स्थगित होत नाही, म्हणून ते नुसतं फाइलीला लागलं. तिथले बाबू म्हणाले, मैडम, आपकी ही चिट्ठी है, और ड्रिल आपने बहुत बढ़िया की है।

मला खरंच लाज वाटली. माणसं काढण्यासाठी मी पूर लपवला होता आणि आता तो कुणाला दाखवता येत नव्हता. त्यातून सक्सेना साहेबांचा निरोप आला, की ड्रिल झालं, आता लोकांना कम्युनिटी हॉलमधून परत पाठवा. परत म्हणजे त्याच भिंतीच्या मागे, त्याच बुजलेल्या मोऱ्यांपाशी, आणि श्रावण अजून अर्धाही झाला नव्हता. हरिरामला पुन्हा त्याच टेबलावर चढवायचं होतं.

मी फाइल पुन्हा काढली. जिने घोटाळा केला तिलाच निस्तरू दे, म्हटलं. शेवटून दुसऱ्या पानावर मीच लिहिलेला एक परिच्छेद होता. तो मी कारखान्याच्या आराखड्यातून डोळे मिटून उतरवला होता. 'ऑल क्लिअर होईपर्यंत बाधितांना पुनर्वसन कक्षात ठेवावे व त्यांची भोजनव्यवस्था कारखान्याच्या कॅन्टीनने करावी.' ऑल क्लिअर म्हणजे संकट संपल्याचा भोंगा, दोन मिनिटांचा एकसलग सूर. तो वाजवायचा तर ऑब्झर्व्हरची सही लागते, आणि ऑब्झर्व्हरने दाखवलेल्या त्रुटी दूर झाल्याशिवाय तो सही करत नाही.

श्रीवास्तव साहेबांनी त्रुटीचा रकाना अजून भरला नव्हता. मी त्यांच्या ऑफिसात गेले आणि माझी तीन वर्षांची नोटशीट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बकऱ्यांपाशी थांबले, पुन्हा वाचलं. मग त्यांनी रकान्यात एकच ओळ लिहिली. भिंतीतल्या सहा मोऱ्या बंद आढळल्या, त्या उघडून दाखवाव्यात.

"मैडम, मैं देखे बिना साइन नहीं करता," ते म्हणाले. "बहुत खराब आदत है मेरी।"

अशा रीतीने आमचं ड्रिल सुरूच राहिलं. कागदोपत्री पूर आला नव्हता, पण त्याची तालीम संपली नव्हती. कम्युनिटी हॉलमध्ये साठ कुटुंबं सतरंज्यांवर राहत होती. कॅन्टीनमधून सकाळी पोहे आणि दोन वेळा खिचडी जात होती. हरिरामची खाट स्टेजखाली होती. शकुनबाई सकाळी तिथूनच ऑफिसात यायच्या आणि म्हणायच्या, अब ऑफिस पास पड़ता है। सक्सेना साहेब रोज विचारायचे, भोंगा कधी. मी रोज सांगायचे, सर, मोऱ्यांची फाइल इस्टेटमध्ये आहे. साहेब इस्टेटला फोन करायचे. इस्टेट म्हणायची, निगमच्या पत्राचा अर्थ लावणं चालू आहे.

मी कॅलेंडर पाहत होते. सहा दिवसांवर हरियाली तीज होती, तिकडचा बायकांचा सण. तीजेला आमच्या लेडीज क्लबचा मोठा कार्यक्रम, कम्युनिटी हॉलमध्ये. झुला, मेंदीची स्पर्धा, घेवराची मिठाई. क्लबच्या अध्यक्षा मिसेस सक्सेना. हे मला आधीच माहीत होतं, असं कुणी म्हणालं तर मी नाकारणार नाही.

ड्रिलच्या आठव्या दिवशी त्या झुला कुठे टांगायचा ते बघायला आल्या. हॉलमध्ये वाळत घातलेल्या गोधड्या, खेळणारी पोरं, आणि स्टेजखालून त्यांना नमस्कार करणारा हरिराम. त्या गोंधळल्या. मला बोलावून विचारलं, हे ड्रिल किती दिवस चालतं. मी म्हटलं, भिंतीला सहा भोकं पडेपर्यंत. त्याला किती वेळ लागतो, त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. गवंड्याला अर्धा दिवस, फाइलीला तीन वर्षं झाली.

शकुनबाई शेजारीच उभ्या होत्या. मिसेस सक्सेनांनी त्यांना हरिरामच्या पायाबद्दल विचारलं, घरात पाणी किती चढलं होतं ते विचारलं. शकुनबाईंनी हात गळ्याशी नेऊन दाखवलं. मीटरमध्ये किती, हे मिसेस सक्सेनांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भिंतीपाशी चार गवंडी हजर होते. निगमच्या पत्राचा अर्थ रातोरात लागला होता. सिक्युरिटी ऑफिसर बकऱ्यांचं कारण घेऊन आले, तर त्यांना लोखंडी जाळ्या बसवायला सांगण्यात आलं. दुपारपर्यंत पाच मोऱ्या उघडल्या. सहावीत विटांऐवजी काँक्रीट निघालं, तिला दुसरा दिवस लागला.

श्रीवास्तव साहेब छत्री घेऊन आले. पाऊस होताच. वस्तीकडून येणारं गढूळ पाणी सहाही जाळ्यांतून आमच्या गटारात जात होतं. ते एकेका मोरीपाशी वाकले, एकेक टीक केली, आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मी फायर स्टेशनला हात दाखवला. दोन मिनिटांचा तो भोंगा मी नोकरीत अनेकदा वाजवून घेतला होता, पण ऐकला खरा त्याच दिवशी.

जाताना शकुनबाई मला म्हणाल्या, "मैडम, अगली ड्रिल गर्मी में रखना।"

त्या श्रावणात त्यानंतर दोनदा तसाच पाऊस पडला. पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि गेलं. राशन आणि ताडपत्र्या मात्र कधीच मिळाल्या नाहीत. लेडीज क्लबने जुन्या चादरी आणि धान्य गोळा करून दिलं, फायर सेक्शनच्या पोरांनी छपरं नीट केली. पण हक्काचं होतं ते माझ्या हुशारीपायी गेलं, आणि हे मला अजून टोचतं.

मला एक मेमो मिळाला. एक दिवसाचे ड्रिल दहा दिवस का चालले याचा खुलासा करावा. मी खुलासा लिहिला आणि प्रॉपर चॅनेलने पाठवला. मी निवृत्त झाले तेव्हा तो साहेबांच्या टेबलावर पोचायचा होता.

ह्यातून मी शिकले ते एवढंच. सरकारी माणूस मदत नाकारत नाही, तो फक्त नवी मदत मंजूर करत नाही. तेव्हा संकटात मदत मागत बसू नये, आधीच मंजूर झालेलं काय पडून आहे ते शोधावं.

सेफ्टी डेला आमच्या टाउनशिपला उत्कृष्ट ड्रिलची ढाल मिळाली. ती सक्सेना साहेबांनी घेतली. श्रीवास्तव साहेबांच्या रिपोर्टमुळे हरिरामलाही एक प्रमाणपत्र मिळालं, कलेक्टर ऑफिसच्या गोल शिक्क्याचं. त्याने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं, बरोबर जिथे पाण्याची रेघ उमटली होती तिच्यावर. त्या दिवशी मुंशी के टपरेमध्ये काय झालं याचा सरकारकडे दुसरा कुठलाही कागद नाही. आणि त्या एका कागदावर लिहिलं आहे, की श्री हरिराम यांनी पुरात सापडलेल्या माणसाची भूमिका उत्तम केली.